परळची पोटनिवडणूक

विधानसभेचा एखादा सभासद निवर्तला म्हणजे सभागृह दुखवट्याचा ठराव करते, आणि काही महिन्यांनी त्या मतदारसंघाला पुन्हा मतपेटीकडे जावे लागते. अशा निवडणुकीने मंत्रिमंडळ सहसा बदलत नाही. म्हणून इतिहासात तिला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. परंतु श्रोतेहो, सार्वत्रिक निवडणुकीच्या गलबल्यात जे ऐकू येत नाही, ते कधी कधी एकाच मतदारसंघात स्पष्ट ऐकू येते. परळची १९७० ची पोटनिवडणूक ही अशांपैकी एक होय.

कृष्णा देसाई हे गिरणगावातले कम्युनिस्ट पुढारी. १९६७ साली ते परळमधून निवडून आले. ५ जून १९७० रोजी रात्री लालबागला त्यांचा खून झाला. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीची जागा शस्त्राने रिकामी केली, आणि ती भरण्याचे काम मतदारावर आले.

सरकारच्या दृष्टीने ही एक जागा नगण्य होती. १९६७ साली २७० पैकी २०३ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. परळमधला प्रश्न निराळा होता. एका बाजूस देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूस १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेचे वामनराव महाडिक. दोघांनाही मते मागायची ती त्याच चाळींत, त्याच गिरणीकामगारांकडे. हा मतदार कामगारही होता आणि मराठीही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही दोन्ही नाती एकाच मोर्चात चालली. १ मे १९६० नंतर त्यांच्या वाटा फुटू लागल्या. १९७० साली त्याला दोहोंतून एक निवडावे लागले.

ऑक्टोबरात निकाल लागला. महाडिकांना ३१,५९२, सरोजिनीबाईंना २९,९१३ मते. अंतर अवघे १,६७९. महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

लोकांना हळहळ नव्हती, असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. जवळजवळ तीस हजार माणसे त्या बाईंच्या मागे उभी राहिली. पण मतपेटी वारसा मानत नाही, आणि खुनाचा निवाडाही करीत नाही; तो न्यायालयाने करावयाचा. मतपेटी एवढेच सांगते की, लोकांचे मन कोठे वळले आहे. गिरणगावचे मन दुभंगले होते. ते दुभंगलेपण सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीच परळने मोजून दाखविले.