श्रुतिपेटीपासून मायक्रोकंट्रोलरपर्यंत : यंत्रातील स्वराचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने विजेच्या वाद्यांवर काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु आम्ही अयोध्या नगरचे रहिवासी. १९५६ साली भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि त्या कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे या परिसरात येऊन स्थिरावली. इकडच्या मुलांना तारांना डाग देणे नवलाचे वाटत नाही. माझ्या शेजारची काही मुले सध्या काडेपेटीएवढ्या पट्टीवरील मायक्रोकंट्रोलरमधून नाद काढून घरच्या घरी सिंथेसायझर बनवीत आहेत. त्यांचा खटाटोप पाहताना मला जाणवले की, जो प्रश्न त्यांच्यापुढे आहे तो महाराष्ट्रात फार जुना आहे. यंत्राने स्वर द्यायचा तर तो कोणता द्यायचा, हा तो प्रश्न.

त्याचा उगम देवगिरीत शोधता येतो. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. सप्तकातील बावीस श्रुती पटवून देण्यासाठी त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितला. एक वीणा अचल ठेवावयाची, दुसरीच्या तारा क्रमाक्रमाने उतरवावयाच्या आणि दोहोंतील फरक कानाने पडताळावयाचा. शब्दप्रामाण्यावर विसंबून न राहता वाद्याच्या आधारे कानाला साक्षीस बोलावणारी ही रीत मला फार मोलाची वाटते.

पुढे हार्मोनियम आली. मराठी रंगभूमीवर तिने सारंगीची जागा घेतली आणि १९११ च्या ‘मानापमान’ला संगीत देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु ही पेटी युरोपातून आपले स्वरही बरोबर घेऊन आली होती. तिच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. आपल्याकडील ग्रंथांतून षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरण्याची प्रथा आहे. त्या हिशेबाने तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा होतो, तर पेटीचा गंधार सुमारे ३०२.४ चा. फरक दिसण्यात अल्प आहे. परंतु षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० वर असतो आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ वर. त्यामुळे दोन्ही स्वर एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा ठोके पडून नाद थरथरू लागतो. ज्याचा कान तंबोऱ्यावर घडला आहे, त्याला ही थरथर टोचते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी ही टोचणी मनावर घेतली. सरकारी नोकरीतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेऊन श्रुतींचे मोजमाप केले आणि १९१० साली आपले निष्कर्ष इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुतिपेटीही तयार झाली. बडोद्याच्या १९१६ च्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती वादाचा विषय ठरली. वाद होणारच होता, कारण धातूची पत्ती एकदा कानशीने घासली की तिचा स्वर कायम होतो. देवलांचे मत ज्याला अमान्य, त्याला ती पेटीही अमान्य. आकाशवाणीने तर १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षे हार्मोनियमला आपले दार बंद ठेवले. बारा समान स्वर आणि मींड काढण्याची असमर्थता, हे तिच्यावरील मुख्य आक्षेप होते. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी सिद्ध केली, ती याच परंपरेतील होय.

विजेच्या तंबोऱ्याचा मान बंगळूरचे जी. राज नारायण यांच्याकडे जातो. त्यांनी तो १९७९ साली घडविला. आता मायक्रोकंट्रोलर हे काम कसे करतो ते पाहू. त्याच्या पायाला दोनच अवस्था ठाऊक असतात : शून्य व्होल्ट किंवा पाच व्होल्ट. सेकंदाला २४० वेळा पाय चालू-बंद केला की षड्ज ऐकू येतो, पण तो चौकोनी लहरीचा. तिच्यात पहिला, तिसरा, पाचवा असे विषम उपस्वरच असतात. म्हणून तो नाकात बोलल्यासारखा वाटतो आणि तंबोऱ्याच्या जवारीचे वैभव त्यात नसते.

गोल, भरीव नाद हवा असल्यास युक्ती करावी लागते. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजणारे घड्याळ २५६ ने भागले की ६२,५०० स्पंद मिळतात. प्रत्येक स्पंदात पाय किती वेळ चालू ठेवायचा, याचे प्रमाण क्षणोक्षणी बदलीत राहायचे. पुढे १ किलोओमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे कंप क्षीण होत जातात, ६२,५०० चा कंप तर अठराव्या हिश्शावर येतो, आणि त्या प्रमाणाची सरासरी तेवढी लहर होऊन उरते. स्पीकर मात्र पायाला थेट जोडू नये. आठ ओहमचा स्पीकर पाच व्होल्टवर ०.६ अँपिअर मागू शकतो. आणि या जातीच्या प्रचलित चिपच्या पायाची सोसण्याची परिसीमा ०.०४ अँपिअर आहे. म्हणून मध्ये एक कपॅसिटर आणि एलएम ३८६ सारखा लहान अँप्लिफायर घालावा.

लहरीचा आकार २५६ आकड्यांच्या कोष्टकात साठविलेला असतो. चिप एका मोठ्या बेरजेत दर वेळी ठरावीक आकडा मिळवीत जाते आणि बेरजेच्या वरच्या अंकांवरून कोष्टकातील घर निवडते. मिळवायचा आकडा बदलला की स्वर बदलतो. सेकंदाला ३१,२५० वेळा बेरीज होत असेल आणि ती सोळा बिटांची असेल, तर स्वर सुमारे अर्ध्या हर्ट्झच्या पायऱ्यांनीच हलतो; बत्तीस बिटांची असेल, तर ही पायरी एका हर्ट्झच्या लाखाव्या भागाहूनही लहान होते. देवलांच्या पेटीत जे काम कानशीने करावे लागे, ते आता एका आकड्याने होते. शिवाय तो पुन्हा बदलता येतो, आणि सावकाश बदलत नेला तर मींडही निघते. हार्मोनियमवरील दोन्ही आक्षेपांना येथे उत्तर आहे.

आणि तरीही धोका टळलेला नाही. आमच्या शेजारच्या मुलांच्या हाती जे तयार कोष्टक पडले, त्यात बारा समान स्वर पूर्णांकांत मांडलेले होते : षड्जाच्या जागी २६२ आणि गंधाराच्या जागी ३३०. तंबोऱ्याला हवा असलेला गंधार ३२७.५ चा. यंत्र सर्व श्रुती देण्यास समर्थ असताना शंभर वर्षांपूर्वीची तडजोड त्याच्या पोटात निमूटपणे जाऊन बसते, आणि या वेळी वाद घालायला कोणी देवलही नसतो. पेटीचे बंधन निदान धातूचे होते. हे बंधन केवळ सवयीचे आहे. त्या कोष्टकावर घडलेल्या कानाला पुढे तंबोराच बेसूर वाटू लागेल, ही माझी खरी चिंता आहे.

याच भोपाळात १९८१ साली ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी शिष्यांकडून तंबोऱ्याच्या साथीने एकेक स्वर घोटून घेतला. ती शिस्त आणि मुलांच्या हातातील चिप यांत मला वैर दिसत नाही. शाळेला माझी एकच विनंती आहे. प्रयोगशाळेत सुरात लावलेला एक तंबोरा ठेवावा. त्याच्या शेजारी मुलांनी आपल्या यंत्रातून प्रथम ३०२.४ चा आणि मग ३०० चा गंधार २४० च्या षड्जासह वाजवावा, ठोके मोजावेत, आणि कोणता आकडा ठेवायचा ते स्वतःच्या कानाने ठरवावे. शार्ङ्गदेवाच्या दोन वीणांचा प्रयोग याहून निराळा नव्हता.