चला परळला, शाहीर यायचेत

सदऱ्याच्या बाह्या वर सारा आणि या आत. 1940चं दशक सरत आलंय, परळच्या गिरणीतलं हे सांचाखातं, म्हणजे विणकामाचं खातं. खिडकी उघडायला जाऊ नका! हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून ती मुद्दाम दमट ठेवलीय. पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटेल, पापण्यांवर कापूस बसेल. शेजारचा काहीतरी सांगतोय. सांच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू यायचा नाही, ओठांकडे बघा. धोट्यातली नरी संपली? नवी घाला, सूत तोंडाने ओढून घ्या. हो, तोंडाने. याच उष्ट्याचं निमित्त सांगून दलित कामगारांना या बऱ्या पगाराच्या खात्याबाहेर ठेवलंय. तेव्हा इथे कोण आहे ते पाहून झालं, की कोण नाही तेही पाहा.

भोंगा झाला. सुटलात!

चाळीच्या जिन्यात तळलेले बोंबील, रॉकेल आणि ओल्या धोतरांचा वास एकदम अंगावर येतो. खोली एक, बिऱ्हाडकरू कितीतरी. पहिल्या पाळीवाल्याने वळकटी गुंडाळली की त्याच जागी रातपाळीवाला आडवा होतो. खानावळवाल्या बाईंच्या पंगतीत मांडी घालायला जागा मिळाली, तर नशीब समजा. गॅलरीत भजनाची तयारी चाललीय. पखवाजाला कणीक लावणारे हे बुवा दुपारी गेटवर लाल बावट्याची वर्गणी मागत होते. गळ्यात तुळशीची माळ, खिशात युनियनचं पावतीपुस्तक. यात विसंगती शोधणाऱ्याला गिरणगाव कळलंच नाही, असं मी ठामपणे म्हणेन. पंढरीच्या वाटेवर शेजाऱ्याचा हात धरायला शिकलेली माणसं संपात तो कसा सोडतील?

पण आज भजन लवकर आटपणार. चला, कामगार मैदानावर!

विड्यांचा धूर, भाजक्या शेंगा, घाम. मागून रेटा येतोय, पाय घट्ट रोवा. वायंडिंग खात्यातल्या बायका पोरं कडेवर घेऊन पुढे बसल्यात. आणि डफावर थाप पडते. अमर शेख! खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचा, आई मुनेरबीच्या ओव्या ऐकत वाढलेला. बसवर क्लीनर होता, गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला. 1944 साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभं केलं. तो पहाडी आवाज कानाने नाही, छातीने ऐकायचा. दिवसभर सांच्यांनी बधिर केलेल्या तुमच्या कानांतही प्रत्येक शब्द लख्ख उतरतोय. जात्यावरची ओवी आणि गेटवरची घोषणा या एकाच गळ्यात नांदतात. म्हणून माळकरी बुवाही मान डोलावतायत.

उपरण्याची झोळी तुमच्या रांगेत आलीय. आणा, दोन आणे, असेल ते टाका. बुवांनी टाळ काढलेत, झीलकऱ्यांनी सूर उचललाय. तुम्ही गप्प का? म्हणा, वरच्या पट्टीत!