टिरिटिरी मातांगी : लोकांनी लावलेल्या वनाचा इतिहास

न्यूझीलंडमधील ऑकलंड नगराच्या उत्तरेस, सुमारे ३० किलोमीटरांवर, हौराकीच्या आखातात टिरिटिरी मातांगी नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २२० हेक्टर. आज तेथे उतरणाऱ्या प्रवाशास दाट झाडी दिसते आणि पहाटे पक्ष्यांचा एवढा कलरव ऐकू येतो की, हे वन अनादी असावे असे त्यास वाटते. वस्तुतः यांतील बहुतेक झाडे १९८४ नंतर लावलेली आहेत, आणि ती लावणारे हात सामान्य नागरिकांचे आहेत.

न्यूझीलंडच्या भूमीवर मनुष्याच्या आगमनापूर्वी वटवाघळांखेरीज एकही स्थलचर सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे तेथील पक्ष्यांना मांजर, उंदीर वा मुंगसासारखा स्टोट यांचे भय ठाऊकच नव्हते. ही जनावरे माणसाबरोबर आली आणि पक्ष्यांचा संहार झाला. हिही नावाचा मधुभक्षी पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच बेटावर उरला. टिएके, म्हणजे पाठीवर तांबूस खोगीर असल्यासारखा दिसणारा काळा पक्षी. त्याची उत्तरेकडील जातही विसाव्या शतकाच्या आरंभी एकाच बेटापुरती राहिली. एखादा वणवा लागला किंवा एखाद्या गलबतातून चार उंदीर उतरले, तरी वंश संपला असता. या पक्ष्यांना दुसरे घर हवे होते.

टिरिटिरी मातांगी हे मात्र तेव्हा घर देण्याच्या स्थितीत नव्हते. प्रथम माओरी लोकांनी तेथे वस्ती केली व शेतीसाठी रान जाळले; पुढे युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथे गुरेमेंढरे चारली. १८६५ साली दीपगृहाचा दिवा लागला तो जवळजवळ उघड्या टेकाडांवर. अखेर मूळ वनाचा सुमारे सहा टक्के भाग काय तो घळींतून उरला.

१९७१ साली चराई बंद झाली. आता रान आपोआप परतेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. दाट गवत आणि नेचे यांनी जमीन अशी व्यापली की बीजाला रुजण्यास जागाच मिळेना. तेव्हा ऑकलंड विद्यापीठाचे जॉन क्रेग व नील मिचेल यांनी सुचविले की झाडे लावावीत, आणि ती लोकांकडून लावून घ्यावीत. त्या काळी अशा राखीव बेटावर सामान्य माणसास सहसा पाऊल ठेवू देत नसत. ज्याच्यापासून वन राखावयाचे त्यालाच वनाचा राखणदार करावयाचे, हा विचार धाडसाचाच होता.

दीपगृहाचे अखेरचे रक्षक रे वॉल्टर यांनी रोपवाटिका सांभाळली. बी आणले ते मुख्यतः बेटावरच्याच जुन्या झाडांचे. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत शाळकरी मुले, वृद्ध, निरनिराळ्या मंडळांचे सभासद होडीने येत, दिवसभर रोपे लावीत आणि संध्याकाळी परतत. अडीच लाखांहून अधिक झाडे अशी लागली. १९८८ साली या स्वयंसेवकांचे रीतसर मंडळ स्थापन झाले.

सर्व काही बिनचूक झाले असे नव्हे. खारा वारा सोसणारा पोहुतुकावा वृक्ष आधी विपुल लावला गेला. त्याच्या छायेत इतर झाडे वाढतील, ही कल्पना. पण त्याची छाया इतकी गर्द झाली की खाली फारसे काही उगवेना. दुसऱ्या एका बाबतीत मात्र दूरदृष्टी दिसते. बेटाचा सुमारे चाळीस टक्के भाग मुद्दाम मोकळा ठेवला गेला. नामशेष मानलेला आणि १९४८ साली दक्षिण बेटाच्या डोंगरांत पुन्हा आढळलेला, उडू न शकणारा टाकाहे पक्षी १९९१ मध्ये येथे आणला गेला. तो गवतावर जगतो; सारेच रान झाले असते तर त्याची सोय नव्हती.

१९९३ साली विषारी आमिष टाकून किओरे जातीच्या उंदरांचे निर्मूलन करण्यात आले. हा उंदीर माओरी पूर्वजांच्या नौकांतून आलेला. अहिंसेचे संस्कार असलेल्या मनास हे कृत्य खटकल्यावाचून राहणार नाही, आणि खटकावेही. परंतु बी, अंकुर, किडे, अंडी यांचा फडशा पाडणारा हा प्राणी माणसानेच आणला होता. एका जिवासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची ही पाळी पूर्वीच्या अविचारातून आली, हे विसरता येत नाही.

सर्वांत कठीण अडचण वेगळीच होती. टिएके १९८४ सालीच येथे सोडण्यात आले आणि १९९५ मध्ये हिही आले. दोघांनाही घरट्यासाठी झाडाची ढोली लागते, आणि ढोली पडावयास झाड जुने व्हावे लागते. कोकण-गोमंतकातील देवरायांत धनेश पक्षी ज्या पुराण वृक्षांच्या ढोलीत पिले वाढवितो, ते काही दहा वर्षांत उभे राहिलेले नसतात. झाडे लावता येतात, त्यांचे वय लावता येत नाही. म्हणून स्वयंसेवकांनी लाकडी पेट्या करून झाडांना बांधल्या. आणि कोवळ्या रानात मध पुरेसा नसल्याने हिहींसाठी साखरपाण्याची पात्रे ठेवली.

या श्रमांचे फळ मिळाले. १९९७ मध्ये कोकाको हा दुर्मिळ गायक पक्षीही येथे आला. पुढे येथील हिही इतकी वाढली की अन्यत्र नवी वसाहत करण्यासाठी येथूनच पक्षी नेण्यात येऊ लागले. साखरपाण्याची पात्रे मात्र अद्याप काढलेली नाहीत. ती नेमाने धुवावी आणि भरावी लागतात, आणि पेट्यांची दुरुस्तीही दर हंगामात चालूच असते.