‘धिस लँड’ : विडंबनाचे लक्ष्य आणि गाण्याची मालकी

‘विडंबन’ हा शब्द मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. समकालीन कवींच्या लकबी नेमक्या पकडून त्यांच्याच कवितेची टर उडवणारी केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) हे विडंबन. आणि एखाद्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर निवडणुकीतल्या उमेदवारांची खिल्ली उडवणारे कवन हेही विडंबनच. पहिल्यात मूळ कृती हेच लक्ष्य असते, दुसऱ्यात ती केवळ वाहन असते. हा भेद वर्गात शिकवायचा विषय आहे असे आम्ही समजत होतो. २००४ साली अमेरिकेत तो एका लहानशा अ‍ॅनिमेशन-गीताच्या निमित्ताने न्यायालयाच्या दारापर्यंत गेला.

ग्रेग आणि एव्हान स्पिरिडेलिस या बंधूंच्या ‘जिबजॅब’ने त्या जुलैत ‘धिस लँड’ हा चिमुकला पट इंटरनेटवर आणला. जॉर्ज बुश आणि जॉन केरी या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची छायाचित्रांतून कापलेली मस्तके, त्यांना जोडलेली चित्रातली धडे, बोलक्या बाहुल्यांसारखे उघडमीट करणारे जबडे. वुडी गथ्री यांच्या ‘धिस लँड इज युवर लँड’च्या चालीवर दोघे एकमेकांची यथेच्छ निंदा करतात. कातरकामाची ही ओबडधोबड शैली ‘मॉन्टी पायथन’मधल्या टेरी गिलियम यांची आठवण करून देते, पण येथे तिला तांत्रिक कारणही होते. फ्लॅश या तंत्रात तेच कपटे पुन्हा पुन्हा हलवता येत, फाइल लहान राही आणि मंद जोडणीवरही पट चाले.

गाण्याचे हक्क सांगणाऱ्या लडलो म्युझिक या प्रकाशनसंस्थेने हरकत घेतली. तिला आधार होता तो १९९४ च्या ‘कॅम्पबेल विरुद्ध एकफ-रोझ’ या निवाड्याचा. रॉय ऑर्बिसन यांच्या ‘ओ, प्रिटी वुमन’चे ‘टू लाइव्ह क्रू’ने केलेले विडंबन समर्थनीय ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. त्यामागचा तर्क असा की मूळ कृतीवर भाष्य करायचे तर तिची नक्कल अटळ असते. मात्र तिसऱ्याच कोणाचा उपहास करणाऱ्याने परक्याची कृती का उचलली, याचे समर्थन त्यालाच द्यावे लागते. मग जिबजॅबच्या पटात लक्ष्य कोण? केवळ बुश आणि केरी, की गथ्रींचे गाणेही?

आमच्या मते उत्तर गाण्याच्या इतिहासात दडलेले आहे. आयर्व्हिंग बर्लिन यांचे ‘गॉड ब्लेस अमेरिका’ रेडिओवर सतत ऐकून वैतागलेल्या गथ्रींनी फेब्रुवारी १९४० मध्ये हे गाणे प्रत्युत्तर म्हणून लिहिले. पहिल्या खर्ड्यातल्या ध्रुवपदाचा शेवट बर्लिन यांच्या शीर्षकालाच चिमटा काढणारा होता. चाल कार्टर फॅमिलीच्या ‘व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर’ची, म्हणजे तीही उसनी. हस्तलिखितात खाजगी मालमत्तेच्या पाटीवर आणि मदतकेंद्रापुढे उभ्या उपाशी माणसांवर कडवी आहेत. शाळाशाळांतून गायल्या गेलेल्या पाठातून ती गळाली आणि जळजळीत गाणे गुळगुळीत राष्ट्रगान झाले. जिबजॅबच्या पटात एक मूलनिवासी पुरुष क्षणभर येतो आणि ही भूमी एकेकाळी आपली होती एवढेच सांगतो. ते एक वाक्य उमेदवारांना लागत नाही. ते थेट गाण्यातल्या ‘तुझी-माझी’ला जाऊन लागते. (विनोद म्हणून बाकीचा पट फार बारीक नाही, हेही नोंदवून ठेवू.)

जिबजॅबच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या वकिलांनी हा युक्तिवाद केलाच. पण त्यांना मिळालेला खरा पुरावा वाङ्मयाचा नव्हे, ग्रंथसूचीचा होता. गथ्रींनी १९४५ मध्येच गाण्यांची एक साधी पुस्तिका काढून तीत हे गाणे छापले होते. लडलोची नोंदणी १९५६ ची. हक्काची २८ वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजली तर नूतनीकरणाची मुदत १९७३ मध्येच टळली होती; लडलोने ते केले १९८४ मध्ये. वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे गाणे कधीचेच सार्वजनिक झाले होते.

ऑगस्ट २००४ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली, पट निर्वेध दाखवला जाऊ लागला आणि लक्ष्य कोण होते यावर न्यायालयाने निकाल दिलाच नाही.