मुंबईची प्रवासी वाहतूक: अंतर, गर्दी आणि वाहनाची निवड

मुंबई बेट दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद असल्यामुळे, तसेच गोदी, पेढ्या आणि कचेऱ्या दक्षिण टोकाला एकवटल्या असताना वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेल्यामुळे, येथील प्रवासाला आरंभापासून एक ठळक दिशा लाभली. या शहराच्या वाहतुकीचा इतिहास पाहता, प्रत्येक वाहन विशिष्ट अंतराला आणि विशिष्ट गर्दीलाच साजेसे असते, हे स्पष्ट होते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे या 34 किलोमीटरच्या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली, तरी बेटाच्या आतील दाट पेठांमधील प्रवासाचा प्रश्न रेल्वेने सुटण्यासारखा नव्हता. ही उणीव 9 मे 1874 रोजी सुरू झालेल्या घोड्यांच्या ट्रामने भरून काढली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे पहिले मार्ग होत. खडीच्या रस्त्यापेक्षा लोखंडी रुळावर चाकाला होणारा अवरोध पुष्कळच कमी असल्याने, एक-दोन घोडे तेवढ्याच श्रमात कितीतरी अधिक उतारू ओढून नेऊ शकत. 1907 मध्ये ट्राम विजेवर धावू लागली आणि स्वस्त, संथ पण भरवशाचे वाहन म्हणून ती कामगार आणि कारकून यांच्या नित्याच्या वापरात रुळली.

वस्ती माहीम आणि शीवच्या पलीकडे पसरली, तेव्हा मात्र ट्रामचा वेग तोकडा पडू लागला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. उपनगरी मार्गावर स्थानके जवळजवळ असल्यामुळे गाडीला वारंवार थांबून पुन्हा वेग घ्यावा लागतो, आणि वाफेच्या इंजिनाला नेमके तेच जड जाते. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्याने अखेरच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडण्याचा खटाटोप टळला, गाडी काही मिनिटांत उलट निघू लागली आणि त्याच रुळांवरून अधिक फेऱ्या शक्य झाल्या. तासाभरात एका दिशेने किती उतारू नेता येतात, या मापाला वहनक्षमता म्हणतात. उपनगरी रेल्वेचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. बसची वहनक्षमता कमी असली, तरी तिला रूळ लागत नाहीत आणि गरजेनुसार मार्ग बदलता येतो, त्यामुळे स्थानकापासून घरापर्यंतच्या प्रवासाला ती सर्वांत सोयीची ठरली. ट्राम मात्र रस्त्याच्या मधोमध, मोटारींच्या वाढत्या गर्दीत अडकू लागली आणि 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदर ते दादर ही तिची शेवटची फेरी झाली. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव तेवढे मागे राहिले.

रेल्वेच्या दक्षिणोत्तर रचनेमुळे पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारा प्रवास दीर्घकाळ रस्त्यांवरच अवलंबून राहिला. अंधेरी आणि घाटकोपर या दोन रेल्वेस्थानकांना सांधणारी 11.4 किलोमीटरची मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, तेव्हा ही उणीव प्रथमच मोठ्या प्रमाणावर भरून निघाली. त्याच वर्षी चेंबूर ते वडाळा धावू लागलेल्या मोनोरेलला मात्र पुरेसे उतारू मिळाले नाहीत, कारण तिचा मार्ग लोकांच्या नित्याच्या येण्याजाण्याच्या ओघाशी जुळत नव्हता.

यावरून वाहतूक आखणाऱ्यांनी घ्यायचा बोध असा, की लोक कोठून कोठे, किती संख्येने आणि कोणत्या वेळी जातात, हे आधी ठरवावे आणि वाहनाची निवड त्यानंतर करावी. मुंबईत मेट्रोचे जाळे विस्तारत असताना शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या बसगाड्या घटत जाणे म्हणूनच चिंताजनक आहे. स्थानकाच्या दाराशी वेळेवर बस उभी नसेल, तर महागड्या मेट्रोचा लाभ स्थानकाजवळ राहणाऱ्यांपुरताच उरेल.