रॅगिंग आणि संस्थाप्रमुखांची जबाबदारी

अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या मुलांच्या 'फ्रॅटर्निटी' आणि मुलींच्या 'सोरॉरिटी' या मंडळांबाबत तेथील विद्यापीठप्रमुखांची भूमिका नेहमीच द्विधा राहिली आहे. माजी सदस्यांच्या देणग्या आणि विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय त्यांना हवी असते; दीक्षाविधीच्या नावाखाली होणारा छळ मात्र नको असतो. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात अशा विधीत एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतर संबंधित मंडळाची मान्यता कायमची रद्द करण्यात आली.

भारतात अशी मंडळे रुजली नाहीत. तथापि, नवागताला 'आपल्यात घेण्याची' तीच रीत येथील वसतिगृहांत रॅगिंगच्या रूपाने अवतरली.

दिल्लीच्या उत्तर रिजवरील हिंदूराव रुग्णालयाला बैजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे नाव आहे. मराठी वाचकांना हा संबंध क्वचितच ठाऊक असतो. तेथे २०१३ मध्ये महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दिल्ली विद्यापीठाचे उत्तर संकुलही जवळच आहे. विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम लागू आहेत, तर वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले.

पूर्वी अनेक संस्थाप्रमुख रॅगिंगकडे 'ओळख करून घेण्याचा प्रकार' म्हणून पाहत आणि संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तक्रारी आतल्या आत मिटवीत. सर्वोच्च न्यायालयानेही २००१ च्या आदेशात रॅगिंग रोखण्याची जबाबदारी प्रामुख्याने संस्थांवर सोपवून पोलिसांचा हस्तक्षेप शक्यतो टाळावा, असेच सुचविले होते. पुढे न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी आयोगाचे नियम आले.

या नियमांनी प्रमुखांची सोयीची वाट बंद केली. गुन्ह्याची माहिती मिळताच चोवीस तासांत पोलिसांत प्राथमिक माहिती अहवाल नोंदविणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. दोषी ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. हयगय करणाऱ्या संस्थेचे अनुदानही रोखता येते.

महाराष्ट्र याबाबतीत एक पाऊल पुढे होता. राज्याच्या १९९९ च्या कायद्यानुसार तक्रार आल्यास प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी लागते. त्याने दुर्लक्ष केल्यास तो स्वतःच रॅगिंगला साहाय्य करणारा मानला जातो.