पायरीवरचे नाव

हल्ली 'त्या जागेसाठीच घडवलेले शिल्प' असे बरेचदा वाचायला मिळते. आमच्या महाड-पोलादपुराला हे नवे नाही. गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांसाठी दगड बाहेरून आणलाच नाही. डोंगरातला नको तेवढा काढला, उरले ते लेणे. उमरठला तानाजींचा पुतळा आहे, तोही त्यांच्या समाधीच्या गावीच.

पण मला सर्वांत बोलके वाटते ते रायगडावरचे काम. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, तो गड हिरोजी इंदुलकरांनी बांधला. जगदीश्वराच्या देवळातल्या संस्कृत शिलालेखात त्यांनी उभारलेल्या विहिरी, तळी, राजवाडे यांची यादी आहे. चंद्रसूर्य असेतो ते टिकावे, अशी इच्छाही आहे. पायरीवर मात्र एवढेच कोरले आहे, की हिरोजी सेवेला तत्पर आहे. दर्शनाला येणाऱ्याची पायधूळ नावावर पडावी म्हणून, असे सांगतात.

ती पायरी काढून काचेआड ठेवली तर अक्षरे टिकतील, पण अर्थ जाईल. तिथेच राहिली तर पावलांनी झिजेल.

सहलीला नेलेली मुले विचारायची, "गुरुजी, पाय ठेवू का?" मी दर वेळी वेगळे उत्तर दिले आहे.